साखरेचा डबा कोठे ठेवावा? : अल्प-कर्बोदक आहाराची स्वयंपाकघरातील पूर्वतयारी

स्थौल्य आणि प्रमेह या व्याधींच्या रुग्णास आहार सांगताना आपल्यापैकी अनेकांची चिठ्ठी ठरलेली असते. भात बंद, बटाटा बंद, साखर बंद. अलीकडे तर रुग्ण स्वतःच 'लो-कार्ब सुरू करायचे आहे' असे म्हणत चिकित्सालयाची पायरी चढतो. काय बंद करावयाचे हे त्यास ठाऊक असते. बंद केल्यावर ताटात काय यावयाचे, ते कोठून आणावयाचे, कोणत्या डब्यात भरावयाचे, हे मात्र त्यास कोणी सांगितलेले नसते. घरात जे स्वयंपाक करतात, त्यांस तर कोणी विचारलेलेही नसते. प्रस्तुत लेख या मधल्या रिकाम्या जागेविषयी आहे. या जागेची जाणीव मला ग्रंथवाचनाने झाली नाही. एका चुकीने झाली. ती प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. वय एकसष्ट, वजन चौऱ्याऐंशी किलो, मधुमेह आठ वर्षांचा. रुग्ण स्थूल, बलवान, अग्नी तीक्ष्ण. अपतर्पणास योग्य म्हणून मी वर लिहिलेली तीन ओळींची चिठ्ठी दिली आणि निशा-आमलकी सुरू केली. ते इतरत्र कोणती औषधे घेत आहेत हे मी विचारले; परंतु 'साखरेची एक गोळी चालू आहे' या उत्तरावर समाधान मानले. ती गोळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्रित होती. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून भात-पोळी सोडली. पर्यायी असे घरात काहीच नव्हते, म्हणून कोशिंबीर, पालेभाजी आणि ताक यांवर दिवस काढू लागले. चौथ्या रात्री तीनच्या सुमारास त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. ''डॉक्टर, बाबांना दरदरून घाम फुटलाय, हात कापतायत, बोलणं अडखळतंय.'' मी म्हटले, शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजा. पलीकडे क्षणभर शांतता. मग आतून काकूंचा आवाज ऐकू आला. ''अहो, साखर नाही हो घरात. तुम्हीच सांगितलं ना, म्हणून साखर, गूळ सगळं देऊन टाकलं मी.''

मुलाने शेजाऱ्यांचे दार वाजवून साखर आणली. गुरुजी सावरले. त्या रात्रीनंतर मी आहाराची चिठ्ठी लिहिण्याची पद्धत बदलली.

या प्रसंगात माझ्या दोन चुका होत्या. पहिली औषधाची, दुसरी स्वयंपाकघराची. पहिल्या चुकीविषयी आधी लिहितो, कारण ती सुधारल्याशिवाय दुसरीकडे वळण्यात अर्थ नाही.

आहारातील कर्बोदके एकाएकी निम्म्यावर आणली, तर जुन्या आहाराच्या मापाने ठरवलेली रक्तशर्करा उतरवणारी औषधे त्याच मात्रेत भारी पडतात. इन्सुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या वर्गातील गोळ्या रुग्ण जेवला किंवा न जेवला तरी साखर उतरवीत राहतात. त्यांत आपण निशा-आमलकी, गुडमार, मेथी, कारल्याचा रस यांची भर घालतो. एकटे मेटफॉर्मिन सहसा असा धोका देत नाही. दुसरा वर्ग एसजीएलटी-२ रोधकांचा, म्हणजे मूत्रावाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा. डापाग्लिफ्लोझिनचे एकस्व ऑक्टोबर २०२० मध्ये संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली आणि तालुक्याच्या गावीही सर्रास दिसू लागली. या गोळीवर असताना कर्बोदके फार कमी केल्यास रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप, ग्लानी ही त्याची लक्षणे. अशा वेळी ग्लुकोमीटरवरील १८० हा आकडा पाहून आपण निर्धास्त होतो, आणि तेथेच घात होतो. असा रुग्ण त्वरित रुग्णालयात पाठवावा.

म्हणून आता माझा नियम असा आहे की आहार बदलण्यापूर्वी रुग्णाने सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत. त्यांतील मात्रा कमी करण्याचा निर्णय ज्यांनी त्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. मी त्यांना चार ओळींचे पत्र देतो. अमुक तारखेपासून रुग्णाची दैनंदिन कर्बोदके सुमारे इतक्या ग्रॅमवर येणार आहेत, कृपया मात्रेचा विचार व्हावा. या पत्राने आपले काही कमी होत नाही. उलट, मला अशा पत्रांची उत्तरे नियमितपणे येतात. उत्तर येईपर्यंत आहार जुनाच ठेवावयाचा. सोबत क्रिएटिनिन, मूत्रातील अल्ब्युमिन, उपाशीपोटी व जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी पाहून घ्यावे. वृक्कविकार असल्यास डाळी, अंडी, पनीर वाढवण्याचा बेत स्वतःच्या जबाबदारीवर आखू नये. गर्भिणी, सूतिका, बालपणापासून इन्सुलिनवर असलेले रुग्ण यांना हा आहार माझ्या मते आपल्या चिकित्सालयातून देऊच नये.

तसेच कृश प्रमेहीस. चरकाचार्यांनी प्रमेहचिकित्सेच्या आरंभीच स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे दोन रुग्ण वेगळे केले आहेत. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. वजन घटत चाललेला, गालफडे बसलेला मधुमेही 'लो-कार्ब' मागत आला, तर त्याची मागणी पुरवणे म्हणजे शास्त्राकडे पाठ फिरवणे होय.

आता स्वयंपाकघर.

येथे पहिला मुद्दा सिद्धांताचा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल रुग्णाविषयी जे सांगितले आहे, ते आपण परीक्षेपुरते पाठ केलेले असते. मेदाने मार्ग आवृत झाल्याने वायू कोष्ठात संचार करतो, अग्नी प्रदीप्त करतो. म्हणून स्थूल मनुष्यास भूक अधिक लागते आणि वेळेवर अन्न न मिळाल्यास ती त्यास सोसवत नाही. यासाठी आहार सांगितला तो गुरू परंतु अपतर्पण करणारा. म्हणजे पचनास वेळ घेणारा, पोटास आधार देणारा, तरीही मेद न वाढवणारा. याचा व्यवहारातील अर्थ मला गुरुजींच्या प्रसंगानंतर उमगला. स्थूलाच्या घरातील डबे नुसते रिकामे करून भागत नाही, ते दुसऱ्या द्रव्यांनी भरावे लागतात. रिकाम्या डब्यासमोर रात्री नऊ वाजता उभा असलेला तीक्ष्णाग्नी मनुष्य शेजारच्या डब्यातील चिवडा खाणारच.

दुसरा मुद्दा मापाचा. अल्प-कर्बोदक म्हणजे किती? दिवसाकाठी १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. २० ते ५० ग्रॅमचा कीटोजनिक आहार हा निराळा आणि अधिक जोखमीचा प्रकार आहे. त्याचा विचार येथे केलेला नाही. आपले ताट या मर्यादेच्या किती बाहेर आहे, हे पाहण्यासारखे आहे. २०२५ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असे आढळले. त्याच पाहणीतील दुसरा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. पॉलिशच्या तांदळाऐवजी वा मैद्याऐवजी गव्हाची कणीक किंवा भरडधान्यांचे पीठ वापरले, पण कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेवढेच राहिले, तर मधुमेहाचा धोका घटल्याचे दिसले नाही.

हे वाचून मला आपल्याच चिठ्ठ्या आठवल्या. 'पोळी बंद, ज्वारीची भाकरी चालेल.' 'गहू नको, नाचणी घ्या.' गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी यांच्या १०० ग्रॅम पिठात कर्बोदके साधारण ६० ते ७२ ग्रॅमच असतात. मध्यम भाकरीस ६० ते ७० ग्रॅम पीठ लागते. म्हणजे एका भाकरीत चाळीस ते पन्नास ग्रॅम. फुलक्यात वीसच्या आसपास. दोन वेळच्या चार भाकरी खाणारा रुग्ण 'मी तर गहू सोडला' या समाधानात भाकरीतूनच १३० च्या पुष्कळ पुढे गेलेला असतो. भाकरी पोळीहून निश्चितच बरी, तिच्यात तंतू अधिक, तेल नाही, दोन खाल्ल्या की पोट भरते. परंतु ती अल्प-कर्बोदक नव्हे.

यवाविषयी येथेच लिहितो. प्रमेहात यव हे मुख्य अन्न सांगितले आहे. यवौदन, सक्तू, अपूप असे त्याचे नाना प्रकार. यवातही १०० ग्रॅमला सत्तरच्या आसपास कर्बोदके असतात, म्हणून 'जव हवे तितके खा' असे सांगणे चूक ठरेल. परंतु त्यातील विद्राव्य तंतू जेवणानंतरची शर्करावृद्धी मंद करतो, आणि रूक्ष-गुरू गुणामुळे थोडक्यात तृप्ती होते. घरात एकच धान्य ठेवावयाचे असेल तर ते यव असावे, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात जव रोजच्या स्वयंपाकात नाहीत, त्यामुळे अडचण येते ती दळणाची. गिरणीत गव्हामागून दळलेल्या जवात गव्हाचे पीठ मिसळते, आणि दोन किलोचे दळण महिनाभर पडून कडवट होते. अर्धा किलो जव घरीच किंचित भाजून मिक्सरमध्ये जाडसर काढावेत. त्यात मूठभर बेसन घालून थालीपीठ उत्तम होते. औषधालय चालवणाऱ्या बंधूंनी स्वच्छ केलेले, एक वर्ष जुने जव अर्ध्या किलोच्या पाकिटात ठेवले, तर 'जव मिळत नाहीत' ही रुग्णाची सबब उरणार नाही.

काळ कोणता निवडावा, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी होते. गहू, ज्वारी, तांदूळ यांच्या कोठ्या भरल्या जातात. गच्चीवर कुरडया, पापड, शेवया, साबुदाण्याच्या चकल्या वाळत असतात. ज्या घरात नुकताच क्विंटलभर गहू येऊन पडला आहे, त्या घरातील गृहिणीस 'आता पोळ्या निम्म्या करा' हे सांगणे म्हणजे तिच्या हिशेबावर पाणी फिरवणे होय. ती तोंडाने होकार देते आणि गहू संपवीत राहते. म्हणून मी माघ-फाल्गुनात येणाऱ्या रुग्णांना मुद्दाम विचारतो की यंदा धान्य किती भरणार? गहू-तांदूळ दरवर्षीच्या निम्मे भरावेत, त्या पैशांत मूग, मटकी, हरभरे, हुलगे, मसूर, सोयाबीन, शेंगदाणे, तीळ यांची भर घालावी. बेगमी झाल्यानंतर येणाऱ्यास सांगावे की जास्तीचे धान्य लेकीकडे, भावाकडे पोचते करा. नाहीतर कोठीचे तोंड बांधून ती माळ्यावर ठेवा. जुने धान्य प्रमेहात पथ्यच आहे, नवान्न मात्र निदानांत गणले आहे. ही एक गोष्ट गृहिणींस पटकन पटते, असा माझा अनुभव आहे.

डबे भरावयाचे ते कोणत्या क्रमाने? प्रथम कडधान्ये. डाळी व कडधान्ये यांत कर्बोदके नसतात असा एक गैरसमज 'प्रोटीन'च्या जाहिरातींनी पसरवला आहे. त्यांतही १०० ग्रॅमला पन्नास-साठ ग्रॅम असतात, परंतु सोबत २० ते २५ ग्रॅम प्रथिने आणि भरपूर तंतू असतो. घट्ट उसळीच्या वाटीत पंधरा ते वीस ग्रॅम कर्बोदके धरावीत. सुश्रुतांनी प्रमेहात हरभरा, तूर, कुळीथ आणि मूग यांसह अन्न घ्यावे असे सांगितले आहे. आपल्या मांडणीवर हे चारही डबे असतातच, फक्त त्यांतील वाटीचे माप वाढवून धान्याचे माप घटवावयाचे. कुळथाचे पिठले कोकणातील घरांत रोजचे आहे, देशावर ते आवर्जून सुचवावे. पित्तप्रकृतीच्या आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती असलेल्या रुग्णास मात्र नको. सोयाबीन प्रथिनांत सर्वांत पुढे, पण पचनास जड. आठवड्यातून दोनदा, भिजवून, हिंग-आले घालून.

दुसरा क्रम तेलबियांचा. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, सुके खोबरे. विदेशातून येणाऱ्या बियांची पाकिटे पाव किलोस शेकडो रुपये देऊन आणणारे रुग्ण पाहिले की वाईट वाटते. जवसाची आणि कारळ्याची चटणी ही आपल्या आज्यांच्या फडताळात नेहमी असे. भाकरी निम्मी झाली की तोंडी लावण्यास चव हवी असते, आणि ती येथून मिळते. जवस भाजून थोडेच कुटावे. पंधरा दिवसांपेक्षा अधिक ठेवू नये, खवट होते. दाण्यांचे मात्र माप हवे. येता-जाता मूठ भरणाऱ्याचे वजन उतरत नाही. सकाळीच एका छोट्या वाटीत दिवसाचे दाणे काढून ठेवावेत.

भाज्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. दुधी, दोडका, पडवळ, कारले, वांगी, भेंडी, तोंडली, कोबी, फ्लॉवर, शेवग्याच्या शेंगा, आणि मेथी, चाकवत, अंबाडी, तांदुळजा, शेपू अशा सर्व पालेभाज्या मोकळेपणाने घ्याव्यात. बटाटा, रताळे, सुरण, अळकुड्या यांत १०० ग्रॅमला १८ ते २८ ग्रॅम कर्बोदके असतात. त्यांची टोपली स्वयंपाकघरात नसावी. अडचण आहे ती भाजीच्या प्रमाणाची. चौघांच्या घरात पाव किलो भेंडी शिजते आणि प्रत्येकाच्या वाट्यास तोंडी लावण्यापुरती येते. पोळी हे अन्न आणि भाजी हे तोंडी लावणे, अशी आपली वाटणी आहे. ती उलट करावयाची तर रुग्णासाठी एकट्याची रोज अर्धा किलो भाजी घरात आली पाहिजे. मी चिठ्ठीवर भाज्यांची नावे लिहीत नाही, वजन लिहितो.

दूध, दही आणि पनीर यांबाबत आपला आणि आधुनिक अल्प-कर्बोदक आहाराचा मार्ग वेगळा होतो. पाश्चात्त्य पद्धतीत चीज, मलई, लोणी, मांस यांवर भर असतो, कारण त्यांत कर्बोदके नगण्य. परंतु प्रमेहाच्या निदानांत गोड पदार्थ आणि नवान्न यांच्या शेजारीच दही, दूध आणि आनूप-औदक प्राण्यांचे मांस बसलेले आहे. आचार्यांनी फक्त गोडास दोष दिलेला नाही. कफ-मेद वाढवणाऱ्या सर्व संतर्पणास दिला आहे. मग शाकाहारी रुग्णाने प्रथिने कोठून आणावीत? माझा मध्यममार्ग असा आहे: दही रात्री नाही, दिवसा लोणी काढलेले ताक भरपूर, पनीर आठवड्यातून दोन-तीनदा, जिरे-मिरे घालून परतलेले, अग्नी पाहून. चहातील दूध धरून दिवसास एक कप दूध. अंडी खाणाऱ्या घरात प्रश्न सोपा होतो. माझ्या या मताशी सर्व वैद्य सहमत होतील असे नाही, आणि आधुनिक आहारतज्ज्ञ तर नाहीतच.

कोकण आणि गोवा येथील स्वयंपाकघराचे गणित निराळे आहे. तेथे मासळी घरात असतेच. बाहेर काढावयाची असते ती सकाळची पेज आणि दुपारचा भाताचा ढीग. उकड्या तांदळाचा भात 'पथ्याचा' म्हणून निःशंक खाल्ला जातो. तो पचनास हलका असेल, पण कर्बोदकांचे माप पांढऱ्या तांदळाइतकेच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या इंडियाब पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले होते. तेथील व्यवसायबंधूंनी पेजेच्या जागी काय, याचे उत्तर शोधले पाहिजे. मी सोलकढी आणि मुगाचे कढण सुचवतो. रुग्ण नाके मुरडतात, पण आठवड्याने घेऊ लागतात.

उपवासाचे फडताळ वेगळेच असते, आणि आपले सर्व पथ्य तेथेच कोसळते. साबुदाण्यात १०० ग्रॅमला ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, त्यात बटाटा, वर दाण्याचे कूट आणि चिमूटभर साखर. महिन्याच्या दोन एकादशा, संकष्टी, सोमवार, नवरात्र धरले तर वर्षातील किती दिवस झाले ते पाहावे. वरीचे तांदूळ, राजगिऱ्याचे पीठ, शिंगाड्याचे पीठ यांचीही गणना साठीच्या पुढेच. श्रद्धेस धक्का न लावता येथे बदल करता येतो. दाण्याची आमटी, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, लाल भोपळ्याचे भरीत, ओले खोबरे, ताक, आणि भगर खाल्लीच तर एक वाटी. निर्जळी व कडक उपवास मात्र साखर उतरवणाऱ्या औषधांवरील रुग्णाने करू नये, हे स्पष्ट सांगावे.

आता औषधालय-चालकांसाठी थोडे, कारण रुग्णाच्या स्वयंपाकघरात एक फडताळ आपल्या औषधांचेही असते. सितोपलादि चूर्णातील एकतीस भागांपैकी सोळा भाग खडीसाखर आहे. तालीसादिमध्ये साखर दोन-तृतीयांश. मात्रा लहान असल्याने सहा ग्रॅम सितोपलादिने जेमतेम तीन ग्रॅम साखर पोटात जाते. पण सोबत मधाचे दोन चमचे अनुपान म्हणून दिले, तर त्यातून अकरा-बारा ग्रॅम शर्करा जाते, तीही दिवसातून दोनदा दिल्यास दुप्पट. लेखन गुणामुळे स्थौल्यात मध सांगितला आहे, हे मान्य. परंतु ग्रंथोक्त मध आणि आजच्या रुग्णाच्या रक्तातील मोजलेली साखर यांत विरोध दिसला, तर मी मोजलेल्या साखरेवर विश्वास ठेवतो आणि अनुपान कोमट पाण्याचे देतो. आसवारिष्टांत शार्ङ्गधरोक्त सामान्य प्रमाण पाहिले तरी एका द्रोण द्रवास एक तुला गूळ आणि त्याच्या निम्मा मध पडतो. संधानात त्यातील काही भाग खर्ची पडतो. उरतो किती, हे बाटलीगणिक बदलते. प्रमेही रुग्णास त्याच गणातील क्वाथ वा वटी मिळत असेल तर ती पुढे करावी. अवलेहांविषयी वेगळे सांगावयास नको.

दुकानातील 'शुगर-फ्री' बिस्किटे आणि 'मधुमेहींसाठी खास' आटा यांच्या वेष्टनावर साखरेची ओळ न वाचता एकूण कर्बोदकांची ओळ ग्राहकास दाखवावी. साखर शून्य आणि कर्बोदके सत्तर, असे चित्र पुष्कळदा दिसते. आणखी एक. जव, कुळीथ, चटण्या, चूर्ण असे एकत्र बांधून 'मधुमेहमुक्ती संच' या नावाने फलक लावण्याचा मोह काही ठिकाणी दिसू लागला आहे. मधुमेह आणि स्थौल्य हे दोन्ही १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत आहेत. संच जरूर विकावा. फलक लावू नये.

राहता राहिला प्रश्न घरच्यांचा. एकत्र कुटुंबात एका माणसासाठी सारे स्वयंपाकघर बदलत नाही आणि बदलूही नये. नातवंडांना पोळी-भात हवाच. मी एक स्वतंत्र फडताळ मागतो. दार असलेले, डोळ्यांच्या उंचीवर, त्यात फक्त रुग्णाचे डबे. पोहे, कुरमुरे, रवा, फरसाण, लाडू हे वरच्या मांडणीवर, स्टूल घेतल्याशिवाय हात न पोचेल असे. हास्यास्पद वाटते, पण स्टूल आणावे लागले की निम्म्या वेळा भूक निघून जाते. आणि पहिल्या भेटीस रुग्णासोबत स्वयंपाक करणारी व्यक्ती आल्याशिवाय मी आहार लिहीत नाही. एका ताईंनी मला ऐकवले होते, ''डॉक्टर, पथ्य ह्यांचं आणि दोन-दोन स्वयंपाक माझे.'' तेव्हापासून सुचवतो ते पदार्थ शक्यतो सर्वांच्या ताटातलेच. उसळ सर्वांना, रुग्णास दोन वाट्या. भाकरी सर्वांना, रुग्णास दिवसातून एक.

एक भाकरी, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट वरण, अर्धा किलो भाजी, ताक आणि कपभर दूध, वाटीभर दाणे-चटणी, एक पेरू. बेरीज १३० च्या आत-बाहेर राहते, आणि भूक राहत नाही. पहिल्या आठवड्यात शरीरातील पाणी व क्षार अधिक बाहेर पडतात. डोके दुखणे, थकवा, उभे राहताना चक्कर येणे या तक्रारी येतात. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, चालू असतील तर रक्तदाब मोजून त्याही डॉक्टरांना कळवाव्यात. मलावष्टंभ जवळजवळ ठरलेला. त्यास पाणी, पालेभाजी आणि रात्री त्रिफळा पुरतो.

शेवटी साखरेचा डबा. ज्या रुग्णास इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्याच्या घरातून साखर बाहेर काढावयाची नाही, तिची जागा बदलावयाची. तीन चमचे, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, अशा पुड्या बांधून एक उशाशी, एक देवघराजवळ, एक खिशात. घाम, कंप, भूक, गोंधळ जाणवताच एक पुडी पाण्यातून. पंधरा मिनिटांनी साखर मोजून गरज भासल्यास दुसरी. बरे वाटल्यावर काहीतरी खाणे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय. आणि जर गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अॅकार्बोज हे नाव असेल, तर साधी साखर वा गूळ लवकर लागू पडत नाही, कारण तिचे आतड्यात विघटन करणारे किण्वच ही औषधे रोखतात. तेथे ग्लुकोजची भुकटीच हवी. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज या तिघांची एकत्रित गोळी आपल्या भागात फार चालते, हे ध्यानी घेऊन औषधालयात ग्लुकोजची पाकिटे दर्शनी ठेवावीत आणि जवाच्या पाकिटासोबत विचारून द्यावीत.

गुरुजी अजूनही येतात. त्यांच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आधी निम्मे केले, पुढे बंद केले. वजन आता पंचाहत्तर किलो आहे. मध्यंतरी मी त्यांच्या घरी गेलो असता काकूंनी स्वयंपाकघर दाखवले. हुलगे, मटकी, जव, कारळ्याची चटणी, सर्व डब्यांवर कागद चिकटवून गुरुजींच्या वळणदार अक्षरांत नावे. खालच्या कप्प्यात एक छोटी डबी होती. तिच्यावर लिहिले होते, 'साखर. फक्त रात्री तीनसाठी.'